साडेसहा प्रवासी

त्या घरात साडेसहा माणसं राहत होती. त्यांतली सहावी मी. अर्धं माणूस म्हणजे कुत्रा.

ही मोजणी घरमालकीणबाईंची. मी त्यांना मावशी म्हणायचे. ताटं वाढून झाली की त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत आणि हातातल्या पेन्सिलीच्या टोकाने एकेकाच्या खांद्याला टोचत मोजत जात. स्वतः, मुलगा, सून, नातू, नात, मी. शेवटी पायपुसण्यावर बसलेल्या कुत्र्याकडे पेन्सिल दाखवून म्हणत, "साडेसहा. बराबर." आकडा जुळल्याशिवाय कोणी पोळीला हात लावायचा नाही. एकदा दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, अंघोळीला गेलेला होता, तर भाजी थंड होईपर्यंत आम्ही साडेपाच जण गुपचूप बसून होतो.

मावशी एसटीत कंडक्टर होत्या. नवरा वारल्यावर त्याच्या जागेवर लागल्या आणि पांढरकवड्यातच निवृत्त झाल्या. निवृत्त झाल्या म्हणजे तसा कागद त्यांना मिळाला. त्यांनी तो मान्य केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटी आणि दोरी त्यांनी कुठूनशी मिळवली होती. घंटी पुढच्या दाराच्या चौकटीवर ठोकलेली आणि दोरी तिथून बैठकीच्या छताखालून, खिळ्याखिळ्याने थेट गॅसच्या ओट्यापर्यंत नेलेली. एसटीत असतो तोच नियम घरात. टण टण वाजली की निघायचं. एकदाच टण वाजली की असाल तिथे थांबायचं. दादा दुकानात जायला निघो, मुलं खेळायला निघोत, मी कॉलेजला निघो, डबल बेल मिळाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दादाला याचा फार राग यायचा. त्याचं बियाणं-खताचं दुकान होतं आणि गावात त्याला मान होता. तो घंटीकडे न बघता निघून जायचा, आणि मावशी त्याच्या पाठीमागे उगाच टण टण करून कागदोपत्री सगळं नियमात बसवून घ्यायच्या.

मी घाटंजीकडच्या एका तांड्यावरची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे खोली कशी बघायची, काय विचारायचं, हे सांगायला कोणी नव्हतं. मला तर एक प्रश्न विचारायचा झाला तरी आधी मनात चार वेळा म्हणून बघावा लागायचा. पहिल्या दिवशी त्यांच्या दारात मी एक पाय आत आणि एक बाहेर अशी उभी होते. मावशी चौकटीला धरून चहा पीत होत्या.

"पायरीवर उभं राहू नाही," त्या म्हणाल्या. "आत ये नाहीतं उतर. गाडी निघून राह्यली."

मी आत गेले. खोली तेवढ्यातच ठरली.

पुढे कळलं की त्या चहा नेहमी उभ्यानेच पितात. सगळी नोकरी उभ्याने गेली, बसलं की चव लागत नाही म्हणायच्या. गोष्ट सांगताना तर त्या गाडीतच असायच्या. करंजी गावाजवळचं वळण आलं की खरोखर डावीकडे झुकायच्या, आणि ऐकणारे आम्हीही झुकायचो. पाहुणे फार वेळ बसले की मावशी प्रेमाने म्हणत, "चला, शेवटचा थांबा." शेजारच्या काकू एकदा माहेरच्या आठवणीने रडत आल्या, तेव्हा मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून फक्त एवढंच म्हटलं, "पुढे सरक माय, पुढे जागा आहे." काकूंना काय कळलं देव जाणे, पण त्या डोळे पुसून घरी गेल्या.

कुत्रा त्यांना नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात गाडीच्या मागच्या सीटखाली सापडला होता. तपकिरी, एक कान पांढरा. नाव हाफ. अर्ध्या तिकिटाचा प्रवासी म्हणून हाफ. तो मावशींनी आणलेला असला तरी झाला मुलांचा. सोनू पाचवीत आणि परी दुसरीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत हाफ त्यांचा विकेटकीपर असायचा, पेशंट असायचा, लग्नातला नवरदेव असायचा. आंब्याच्या कोया त्यालाच चोखायला मिळायच्या. आणि जून संपता संपता एका सकाळी दोघंही दप्तरं घेऊन ऑटोत बसून नाहीशी व्हायची.

मागच्या वर्षी, मी राहायला येण्याच्या थोडं आधी, शाळेच्या पहिल्या दिवशी हाफ ऑटोमागे धावला होता. गल्ली संपते तिथून मोठा रस्ता, आणि त्यापुढे नागपूर-हैदराबाद हायवे. ट्रकचा नुसता धक्का लागला. दादाने त्याला रस्त्यावरून दोन्ही हातांवर उचलून आणलं. दोन महिने हाफ तीन पायांवर चालत होता.

म्हणून या वर्षी शाळा उघडायला दहा दिवस राहिले तेव्हा दादाने जेवताना सांगून टाकलं. "या वेळेस ते गाडीमागं पयालं, तं मी त्याले मारेगावच्या शेतावर नेऊन ठेवतो. तिथं सोबती आहे, जागा आहे. मले ते पुन्हा उचलून आणायचं नाही, माय."

परीने ताटात बघत रडायला सुरुवात केली. मावशींनी पेन्सिल कानामागे खोवली.

"ते गेलं तं किती उरतीन?"

"सहा."

"सहा," मावशी म्हणाल्या. "सहा काय आकडा आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रंगीत तालीम जाहीर केली. त्यांचं म्हणणं असं की कुत्र्याला मुलं गेल्याचं दुःख नसतं, गाडी अचानक सुटल्याचं असतं. दोन महिने बंद असलेली फेरी एकदम सुरू केली तर माणसंसुद्धा गोंधळतात. तेव्हा आधी छोट्या फेऱ्या सोडायच्या. मुलांनी युनिफॉर्म घालायचा, दप्तर घ्यायचं, ऑटोत बसायचं, पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. निघताना डबल बेल. परत आल्यावर सिंगल, आणि हाफ जागेवर बसून राहिला असेल तर त्याला भाकरीचा तुकडा. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा.

"सुट्टीत युनिफॉर्म?" सोनू म्हणाला. "आजी, असं कोणत्याच शाळेत नाही."

"शाळेत नाही चाललास तू. टाकीवर चालला."

शाळेचे ऑटोवाले सलीमभाई रिकामेच होते. त्यांना हा प्रकार फार आवडला. ते दारात येऊन मुद्दाम हॉर्न वाजवत. हाफ पहिल्या दिवशी ऊर फुटेस्तोवर भुंकला, दुसऱ्या दिवशी नुसता कण्हला, तिसऱ्या दिवशी बसला. चौथ्या दिवशी मुलांनीच संप केला. कुल्फी देऊ केली, तीही नको म्हणाली.

मावशींची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर थांबली.

माझी परीक्षा तोंडावर होती. मी तसं म्हणायचा प्रयत्नही केला. पण मी मनात चार वेळा म्हणून होईपर्यंत परीची गुलाबी पाण्याची बाटली माझ्या गळ्यात आली होती आणि सोनूचं दप्तर पाठीवर. "कुत्रं चेहरा नाही पाहत, दप्तर पाहते," मावशी म्हणाल्या. मुलांना त्यांनी मागच्या दाराने काकूंकडे पाठवलं. टण टण. मी निघाले.

"ताई, कौनसी क्लास में हो?" सलीमभाईंनी आरशातून विचारलं.

"बीएस्सी. फर्स्ट इयर."

"अच्छा. खिडकीतून हात बाहेर नका काढू हां."

टाकीखाली ऑटो उभा करून ते बिडी ओढत आणि मी मागच्या सीटवर रसायनशास्त्र वाचत असे. एके दिवशी आमच्या प्रॅक्टिकलच्या मॅडम स्कूटीवरून तिथूनच गेल्या. गळ्यात गुलाबी बाटली, मांडीवर कार्टूनचं दप्तर, शाळेच्या ऑटोत एकटी मी. मी नमस्कार केला. त्यांनीही केला. पुढे दोन वर्षं आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही.

आम्ही वीस मिनिटांपर्यंत पोचलो. त्यापुढे सलीमभाईंना दुसरी भाडी होती. परत आलं की हाफ दारात तस्सा बसलेला, पांढरा कान ताठ, नजर घंटीवर. टण. भाकरीचा तुकडा. मावशींनी जाहीर केलं, "प्रवासी तयार आहे."

शाळेचा पहिला दिवस. साडेदहाला सलीमभाई आले. मुलं खरोखरची चढली. दादा दुकान उघडायचं सोडून फाटकाशी उभा होता. टण टण. ऑटो गेला. हाफ बसून राहिला. दादा दोन-पाच मिनिटं थांबला, "बरं," म्हणाला आणि गाडीवर निघाला. वहिनी, म्हणजे मावशींची सून, सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, ती ड्यूटीवरून फोन करून विचारत होती. मावशींनी चौकटीला धरून दुसरा चहा घेतला. मी ओसरीवर घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला बसले.

दहा वाजून एक्कावन्न मिनिटांनी हाफ उठला. त्याने आळस दिला. घंटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दादाने उघडं टाकलेल्या फाटकातून बाहेर पडला. धावत नव्हता. कामाला निघालेला माणूस चालतो तसा चालत होता.

मी ओरडले. मावशी पायात एक चप्पल अडकवून निघाल्या. त्यांचे गुडघे नोकरीतच गेलेले. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो तोवर हाफ मोठ्या रस्त्याच्या कडेकडेने हायवेच्या अर्ध्या वाटेवर होता. हाक मारली की कान हलवायचा आणि पुढे चालायचा.

तेवढ्यात स्टँडवरून सुटलेली लाल गाडी आली. मावशींनी रस्त्यात जाऊन हात दाखवला. ड्रायव्हर ओळखीचा होता, थांबला.

"बाई, कुठं?"

"कुत्र्यामागं. चाल."

आम्ही चढलो. गाडी खच्चून भरलेली. मावशी आत शिरता शिरता सवयीने "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणत गेल्या आणि लोक खरंच सरकले. कंडक्टर नवा पोरगा होता. हातातलं तिकिटाचं मशीन छातीशी धरून तो बघत राहिला. पुढच्या काचेतून हाफ दिसत होता. हायवेच्या तोंडाशी पोचलेला, पुढचा एक पाय डांबरावर. उजवीकडून ट्रक येत होता. आमची गाडी त्याच्या बरोबरीला आली तशी मावशींनी हात वर करून दोरी ओढली.

टण.

ड्रायव्हरने ब्रेक मारला. सगळी गाडी पुढे झुकून मागे आली. आणि खाली, रस्त्याच्या कडेला, हाफने पाय मागे घेतला आणि बसला. त्याच्या नाकासमोरून तो ट्रक हैदराबादकडे निघून गेला.

मग कंडक्टर म्हणाला, "आजी, घंटी मी वाजवतो. तुम्हाले अधिकार नाही."

"बराबर आहे तुहं," मावशी म्हणाल्या. "तक्रार लिही. साक्षीले मले बोलाव. आन अडीच तिकिटं फाड."

"मशीनमधी कुत्रा नाही येत."

"मग दोन फाड. त्याचं वय मी नंतर सांगतो."

आम्ही उतरलो आणि मी हाफला उचलून घेतलं. अख्खी गाडी खिडक्यांतून त्याला टाटा करत निघून गेली. त्या गाडीतल्या कोणीतरी दुकानात फोन केला असणार, कारण आम्ही घरी पोचायच्या आधी दादा तिथे आला होता. तो पायरीवर बसला होता. हाफने जाऊन त्याच्या बुटावर डोकं ठेवलं. दादाने त्याचा तो मागच्या वर्षीचा पाय बोटांनी चाचपून पाहिला.

"रविवारी नेतो," तो म्हणाला. "आता काही बोलू नको, माय."

मावशी चौकटीला धरून उभ्या राहिल्या. दादा गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "किती वाजता उठलं ते?"

मी प्रश्नपत्रिकेवर पाहिलं. घाबरून पेन टेकवला तिथे मी वेळ लिहून ठेवली होती. "दहा एक्कावन्नला. म्हणजे एकवीस मिनिटांनी."

"आन आपली सर्वात मोठी फेरी?"

"वीस."

मावशींच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. "म्हणजे ते पयालंच नाही वं. गाडीची वेळ झाली, गाडी नाही आली, म्हणून पाहायले गेलं. स्टँडवर गाडी लेट झाली आन कोणी काही सांगतलंच नाही, तं लोक काय करतीन? रस्त्यावर जाऊनच डोकावतीन. चूक प्रवाशाची नाही, पोरी. आपण जाहीरच नाही केलं."

दुसऱ्या दिवशी मुलं गेली. फाटकाला कडी होती. अठरा मिनिटं झाल्यावर मावशी दारात उभ्या राहिल्या, नाकाला दोन बोटं लावली आणि थेट स्टँडवरच्या भोंग्यातून यावा तसा आवाज काढला. "इकडे लक्ष द्या. शाळेची गाडी उशिरा धावत आहे. प्रवाशांनी फलाटावर बसून राहावे, ही विनंती." आणि भाकरीचा तुकडा. हाफने तुकडा खाल्ला, घंटीकडे पाहिलं आणि पुन्हा बसला. वीस मिनिटांनी परत तेच. मुलं येईपर्यंत एकोणीस वेळा.

दुपारची पाळी माझी होती. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे. मी पुटपुटले. हाफ उठून उभा राहिला आणि अगदी संशयाने माझ्याकडे बघू लागला.

"पायरीवरून नको बोलू," आतून मावशी ओरडल्या. त्या आडव्या झाल्या होत्या. "पोटातून काढ."

मी नाक धरलं, डोळे मिटले आणि पोटातून काढला. शेजारच्या काकू पिशवी घेऊन फाटकाशी आल्या. "वणीची गाडी कधी आहे वं?"

तिसऱ्या दिवशी आम्ही अर्ध्या तासावर गेलो, दुपारनंतर तासावर. मी सगळ्या वेळा प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत होते. का, ते मलाही सांगता येणार नाही. निरीक्षण लिहून ठेवायचं असतं एवढंच शिकले होते. शनिवारी मात्र सकाळची शाळा. हे कोणाच्याच लक्षात नव्हतं. हाफच्या हिशोबाने गाडी साडेदहाची, आणि मुलं निघाली सातला. मावशींनी घाईघाईने दारावर खडूने "शनिवार विशेष" लिहिलं, जणू हाफ वाचणार होता. टण टण. हाफने एक डोळा उघडला आणि मिटला.

रविवारी सकाळी दादाने दुकानाची पिकअप दारात आणली. मागे पोतं अंथरलेलं. मुलं पायरीवर एकमेकांना चिकटून बसली होती. वहिनी परीच्या केसांतून उगाच कंगवा फिरवत होती. मावशी आत ओट्यापाशी, दोरीजवळ.

"चल रे," दादा म्हणाला. हाफ हलला नाही. घंटीकडे बघत बसून राहिला.

"मी घंटी नाही देणार," आतून मावशींचा आवाज आला. "तुले न्यायचं तं उचलून ने."

दादा वाकला. त्याचे दोन्ही हात हाफच्या पोटाखाली गेले आणि तसेच राहिले. मला त्याचा चेहरा दिसत होता. मी तेव्हा दारात उभी होते, नेहमीसारखी, एक पाय आत, एक बाहेर. मनात एकदाही न म्हणता मी बाहेर आले.

"दादा, चार दिवसांत तो पहिल्या दिवशीच उठून गेला. त्यानंतर एकदाही नाही. मी लिहिलं आहे."

त्याने वही घेतली. पुढच्या पानांवर क्षारांच्या परीक्षा, मागच्या पानांवर हाफ. तो एकेक ओळ वाचत गेला. शेवटच्या ओळीवर थांबला आणि मोठ्याने वाचली. "शनिवार, नऊ वाजता. जाहीर केले नाही. झोपमोड झाली असती."

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग सगळाच. पोतं त्याने पिकअपमधून ओढून काढलं, झटकलं आणि दारात घडी करून टाकलं. हाफ त्यावर जाऊन बसला. शेतावर दादाला तसंही जायचंच होतं, खत पोचवायचं होतं. तो गाडीत बसला, इंजिन सुरू केलं. पण गाडी हलेना.

"आता काय झालं?" मावशींनी आतून विचारलं.

"डबल दे ना, माय," दादा म्हणाला. "कवाची गाडी उभी आहे."

टण टण.

आता मी यवतमाळला एमएस्सी करते. वर्गात हजेरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते. दिवाळीत पांढरकवड्याला येते म्हणून मावशींना सांगितलं होतं आणि तांड्यावरच राहिले. याडीने, म्हणजे माझ्या आईने, जाऊच दिलं नाही. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले, तेव्हा फोन आला.

"आकडा नाही जुळून राह्यला," मावशी म्हणाल्या. "साडेपाचच येते."

"मावशी, मी आता खोलीवर राहत नाही ना. साडेपाचच बरोबर आहे."

"मले नको शिकवू. एक लेट आहे. कधी येतं ते सांग."

"येते एक-दोन दिवसांत."

"पायरीवर नको उभी राहू."

मी याडीकडे पाहिलं. ती माझ्या पिशवीत आधीच चिवडा भरत होती. "उद्या," मी म्हटलं. "अकराच्या गाडीने."

मावशींनी फोन ठेवला नाही. बाजूला ठेवला असावा, कारण मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला आणि मग तो नाकातला, भोंग्यातला आवाज. "इकडे लक्ष द्या. घाटंजीकडून येणारी गाडी उशिरा धावत आहे. उद्या दुपारपर्यंत फलाटावर लागेल."

आणि मग, अगदी फोनच्या जवळ, कोणीतरी भाकरीचा तुकडा चावल्याचा आवाज.